मंगळवारी टीव्ही बंद

वेंडेल क्रॅब्ट्री एकोणीस वर्षं, सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी सात वाजायला एक मिनिट कमी असताना अमेरिकेला टीव्ही बंद करायला सांगत आला होता, आणि अमेरिकेने त्याचं एकदाही ऐकलं नव्हतं.

"आता हा खोका बंद करा," चष्मा काढून कॅमेऱ्यात बघत तो म्हणायचा, "आणि घरच्यांबरोबर जेवायला बसा." मग संगीत वाजायचं, आणि बावीस लाख माणसं मांडीवर ताट घेऊन सात वाजताचा कार्यक्रम बघायला लागायची. तो सात वाजताचा कार्यक्रम करणारा गृहस्थ दर नाताळला वेंडेलच्या घरी न चुकता डुकराच्या मांडीचं अख्खं हॅम पाठवत असे. हॅम कशाबद्दल आहे हे दोघांनाही माहीत होतं.

ऑक्टोबरातल्या एका करड्या दुपारी डेक्स्टर पोल्कने वेंडेलला बोलावून घेतलं. डेक्स्टर हा वाहिनीचा कार्यक्रमप्रमुख, वय चौतीस. त्याच्या खोलीत खुर्ची नव्हती. तो उभ्याने काम करत असे, त्यामुळे वाईट बातमी ऐकायला आलेल्यालाही ती उभ्यानेच ऐकावी लागे.

"वेंडेल, दोस्ता," डेक्स्टर म्हणाला, "तुझ्या प्रेक्षकांचं सरासरी वय एकाहत्तर आहे."

"पोक्त माणसं आहेत."

"गेल्या वर्षी ते सत्तर होतं."

"मग?"

"मग काय? नवीन कुणी येत नाहीये. आहेत तेच एकेक वर्षाने मोठे होतायत. आणि काही जण तर मोठे व्हायचेही थांबलेत."

वेंडेल खिडकीबाहेर बघू लागला. न्यूयॉर्कमध्ये पावसाची भुरभुर चालू होती. समोरच्या इमारतीच्या छपरावर एक कबूतर छत्री विसरल्यासारखं उभं होतं.

"तुझा करार या महिन्याअखेर संपतोय," डेक्स्टर म्हणाला. "मालकीणबाई म्हणाल्या, त्याने काहीतरी दणक्यात करून दाखवलं तर सही करते. नाहीतर एक नवा मुलगा बघून ठेवलाय. एकोणतीस वर्षांचा. गालाला खळी पडते."

वेंडेल त्रेसष्ट वर्षांचा होता. त्याच्या गालाला खड्डे होते, पण खळी म्हणावी असा एकही नव्हता. आणि कार्यक्रमाखेरीज त्याच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. कॅन्ससमधल्या एका रेडिओ केंद्रावर पहाटे साडेचारला गहू आणि डुकरांचे भाव वाचण्यापासून त्याने सुरुवात केली होती. एकदा दोन भावांच्या मधे, सरकारला यातलं काय कळतं, असं तो सहज पुटपुटला आणि केंद्राला चाळीस पत्रं आली. पुढच्या आठवड्यात तो जरा मोठ्याने पुटपुटला. वर्षभरात भाव मागे पडले आणि पुटपुटणंच उरलं. मग गावातली वाहिनी, मग राज्यातली, मग ही. त्याच्या नावावर सहा पुस्तकं होती आणि सहाही मुखपृष्ठांवर तो हाताची घडी घालून उभा होता. देशाची वाट कशी लागत चालली आहे हे त्याने एकोणीस वर्षं रोज तासभर सांगितलं होतं. आता स्वतःची लागायची वेळ आल्यावर त्याला एकदम काही सुचेना.

"कुटुंब," तो शेवटी म्हणाला. गोत्यात आला की तो नेहमी हाच शब्द काढत असे. "लोक हल्ली एकत्र जेवत नाहीत."

डेक्स्टरचे डोळे चमकले. "राष्ट्रीय कुटुंबभोजन! एकच दिवस, एकच वेळ, सगळा देश टेबलाभोवती! कुठला वार धरायचा?"

वार ठरवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. सोमवारी फुटबॉल. बुधवारी सगळे चर्चमध्ये. गुरुवारी फुटबॉल. शुक्रवारी शाळेच्या पोरांचा फुटबॉल, शनिवारी कॉलेजच्या पोरांचा. रविवारी सकाळी देव आणि दुपारपासून फुटबॉल. उरला मंगळवार.

"आणि वेळ?"

"सहा," वेंडेल म्हणाला. "सभ्य माणसं सहाला जेवतात."

इथे त्या खोलीतल्या दोघांपैकी निदान एकाला तरी काही खटकायला हवं होतं. खटकलं नाही.

पुढचे दहा दिवस वेंडेलने रान उठवलं. "येत्या मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता टीव्ही बंद! फोन टोपलीत! मुलंबाळं टेबलाशी!" अशी तो रोज गर्जना करी. चर्चमध्ये पाद्रींनी सांगितलं. शाळांनी पोरांच्या दप्तरांत चिठ्ठ्या घातल्या. इडाहोतल्या एका गावाने त्या तासापुरती दुकानं बंद ठेवायचं ठरवलं. वेंडेलला एरवी जोड्याजवळ उभं न करणाऱ्या एका वर्तमानपत्रानेही, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलला, असा अग्रलेख लिहिला.

शंका आली ती फक्त ऑगस्टाला. ऑगस्टा टेलिप्रॉम्प्टर चालवत असे. कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर वेंडेलची वाक्यं वर सरकवत नेणं, तो थांबला की थांबणं, त्याला ठसका लागला की ओळ मागे आणणं, हे ती पहिल्या दिवसापासून करत आली होती. तो कुठे श्वास घेणार हे त्याच्या बायकोपेक्षा तिला जास्त माहीत होतं.

"मिस्टर क्रॅब्ट्री," ती म्हणाली, "एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार की."

"सहा वाजता सगळ्यांनी टीव्ही बंद केला, तर आपल्याला बघायचं कुणी?"

वेंडेल मनापासून हसला. "अगं ऑगस्टा, ही बोलायची रीत असते. मी त्यांना कॉफी सोडा म्हणालो, सोडली? चालायला जा म्हणालो, गेले? खासदारांना पत्रं लिहा म्हणालो, तर मलाच पत्रं लिहिली. लोक माझं ऐकतात गं. ऐकतात म्हणजे कानाने."

"आणि कार्यक्रम तर त्याच्या जेवणाच्या टेबलावरूनच आहे," डेक्स्टर मधे पडला. "वेंडेल क्रॅब्ट्री, बायकोमुलांसह, थेट! हे बघितल्याशिवाय कोण जेवेल?"

वेंडेलला हे तेव्हाच कळलं.

न्यू जर्सीतल्या घरी त्याच्याकडे जेवणाचं टेबल होतं, यात शंका नाही. त्यावर बेचाळीस प्लास्टिकच्या बादल्या होत्या. संकटकाळासाठी पंचवीस वर्षं टिकणारं सुकं अन्न विकणारी एक कंपनी त्याच्या कार्यक्रमाची जाहिरातदार होती. वेंडेल रोज कार्यक्रमाच्या मध्यावर बादलीवर हात ठेवून "माझ्या घरी आहे, तुमच्या घरी आहे का?" असं विचारत असे, आणि तो खोटं बोलू नये म्हणून कंपनी दर महिन्याला एक बादली घरी पाठवत असे.

"टेबल?" त्याची बायको मर्ना म्हणाली. "आपल्या घरात टेबल कुठाय? ते तर कोठार आहे."

"मर्ना, मंगळवारी टीव्हीवाले येणार आहेत. आपण दोघं जेवतोय असं दाखवायचंय."

"आपण दोघं?" मर्नाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "त्यांना म्हणावं, आधी एखादी तालीम तरी करू द्या. एकत्र जेवून नऊ वर्षं झाली."

डेक्स्टर माणसं घेऊन घर बघायला आला. बादल्या हलवता आल्या असत्या. पण जेवणाच्या खोलीच्या खिडकीतून थेट शेजाऱ्याची हिरवळ दिसत होती, आणि हिरवळीवर विरुद्ध पक्षाच्या उमेदवाराची भलीमोठी निळी पाटी होती. शेजाऱ्याला विनंती केली. शेजाऱ्याने दुसऱ्या दिवशी आणखी दोन पाट्या लावल्या.

तेव्हा टेबलाने स्टुडिओत यायचं ठरलं. सुतारांनी खोलीची हुबेहूब नक्कल उभी केली. तोच वॉलपेपर, तीच कपाटं. खिडकीबाहेर मात्र कॅन्ससमधला पिकलेला गहू. वेंडेल नकली टेबलाशी बसला आणि त्याला उगीचच भरून आलं. घरच्या टेबलाशी असं कधी झालं नव्हतं.

"मी नाही येणार," मर्नाने सांगितलं. "माझं टेबल माझ्या घरात आहे. माझ्याबरोबर जेवायचं असेल तर घरी ये."

"अगं, एका तासाचा प्रश्न आहे. कराराचा प्रश्न आहे!"

"तेच म्हणतेय. एक तास. घरी ये."

वाहिनीने दुसऱ्या दिवशी पेनकिलरच्या जाहिरातीत डोकं दुखणारी एक बाई पत्नी म्हणून आणली. तिच्या जोडीला एक मुलगा, एक मुलगी आणि एक सोनेरी कुत्रा. कुत्र्याला सगळ्यांत जास्त अनुभव होता.

शनिवारी वेंडेलचा फोन वाजला.

"डॅड. मी कोरा."

वेंडेल खुर्चीवरून उठला. कोरा ही त्याची एकुलती एक मुलगी. पेन्सिल्व्हेनियात शाळेत शिकवत असे. चार वर्षांपूर्वी तिथल्या शिक्षकांनी संप केला होता, आणि वेंडेलने पडद्यावर संपवाल्यांचा फोटो दाखवून "ही माणसं आपल्या मुलांना काय शिकवणार?" असा सवाल देशाला केला होता. फोटोत डावीकडून तिसरी कोरा होती. वेंडेलला ते कळलं नव्हतं, कारण फोटो त्याने पाहिलाच नव्हता. त्याने फोटोखालची ओळ वाचली होती. तेव्हापासून ती घरी आली नव्हती.

"तुझी ती चिठ्ठी मी वर्गात पोरांना वाटली," कोरा म्हणाली. "वाटताना वाटलं, आपणही जावं. मंगळवारी येते. दोन दिवस रजा काढलीय. मॉम मीटलोफ करणारेय. सहा वाजता, बरोबर?"

"बरोबर, म्हणजे..." वेंडेलने फोन दुसऱ्या कानाला लावला. "सहा वाजता मी कार्यक्रमात असेन ना, बाळा."

"पण सहा वाजता जेवायला बसा असं तूच..."

"ते लोकांना गं! तू असं कर, स्टुडिओतच ये. तिथे आपलंच टेबल आहे. हुबेहूब!"

"हुबेहूब कशाला, डॅड? घरी खरं आहे ना?"

वेंडेलने सवयीने मान वर केली. समोर काच नव्हती.

"पुढच्या मंगळवारी," तो म्हणाला. "एकदा सही होऊ दे. मग दर मंगळवारी, वचन. या एका मंगळवारावर सगळं अडलंय."

"बरं," कोरा म्हणाली. तिचा आवाज रागावलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तुझं ताट झाकून ठेवते."

मंगळवारी सहा वाजता लाल दिवा लागला. टेबलावर पॉट रोस्टचा मांसाचा तुकडा तुकतुकत होता. तुकतुकी यावी म्हणून त्यावर दोन हात वार्निश मारलं होतं आणि बटाट्यांवर हेअरस्प्रे. खायचं कुणीच नव्हतं, चावल्यासारखं करायचं होतं.

"दिवस कसा गेला, डार्लिंग?" डोकेदुखीच्या जाहिरातीतली बाई म्हणाली.

"तुम्हां सगळ्यांना बघून थकवाच गेला," वेंडेलने काचेवरून वाचलं. मग त्याने डोळे मिटल्यासारखे करून, एका डोळ्याच्या फटीतून, जेवणाआधीची प्रार्थना वाचली. मुलाने 'आमेन' म्हटलं. कुत्र्याने बरोबर वेळेवर शेपटी हलवली.

मग देशभरातल्या जेवणाच्या टेबलांवरून फोन यायचे होते. बारा मुली बारा फोन घेऊन बसल्या होत्या. सहा वाजून दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. बाराही मुली आपापल्या नखांकडे बघत होत्या.

"लाइन बिघडलीय बहुतेक," डेक्स्टर त्याच्या कानातल्या यंत्रात म्हणाला. "बोलत राहा."

वेंडेल बोलत राहिला. त्याने गव्हाबद्दल सांगितलं, आईच्या हातच्या पावाबद्दल सांगितलं. दोनदा बादलीची जाहिरात केली. सहा पंचवीसला एक फोन वाजला आणि बाराही मुली दचकल्या.

"राष्ट्राच्या टेबलावर स्वागत!" वेंडेल जवळजवळ ओरडलाच. "कोण बोलतंय?"

"एमेट स्वोबोडा. नेब्रास्का."

"एमेट! सांगा बघू, टेबलाभोवती आज कोण कोण आहे?"

"तुम्ही आणि मी."

"हा हा! नाही, घरचं कोण?"

"तेच सांगतोय. ऑलिव्हला जाऊन सहा वर्षं झाली. पोरगा अलास्काला असतो, त्याला फोन परवडत नाही असं दिसतं. मी रोज दोन ताटं वाढतो. एक माझं, एक टीव्हीपुढे ठेवतो. तुम्ही म्हणालात, आज बंद करा. रिमोट हातात घेतला होता, शप्पथ. मग म्हटलं, बंद केलं तर जेवायचं कुणाबरोबर?"

काचेवर यासाठी काहीच लिहिलेलं नव्हतं. ऑगस्टा गडबडली आणि तिने पुढची ओळ वर सरकवली. काय वाचतोय हे कळायच्या आत वेंडेलने ती वाचली होती.

"ऐकलंत मंडळी? याला म्हणतात भरलेलं घर!"

"हं," एमेट म्हणाला, जणू यावर विचार करायला हरकत नव्हती. "बटाटे कसे झालेत तुमच्याकडे?"

"छान झालेत," वेंडेल म्हणाला. त्या तासाभरात त्याने स्वतःच्या मनाने म्हटलेलं हे एकमेव वाक्य होतं, आणि तेही खोटं होतं.

आठला तो घरी पोचला. बादल्या कोपऱ्यात गेल्या होत्या आणि टेबलावर टेबलक्लॉथ होता. त्या लाकडाचा रंग एवढा गडद आहे हे तो विसरून गेला होता. मर्ना आणि कोरा भांडी पुसत गप्पा मारत होत्या. कोराने केस कापले होते. वेंडेलला तिला जवळ घ्यायचं होतं, पण हात कुठून सुरू करायचे ते चार वर्षांत विसरायला झालं होतं. त्याने तिच्या खांद्यावर थोपटलं. मग तो तिसऱ्या, झाकून ठेवलेल्या ताटाशी बसला.

"कसा वाटला कार्यक्रम?" त्याने मीटलोफचा थंड तुकडा तोडत विचारलं.

"बघितला नाही," कोरा म्हणाली.

"म्हणजे?"

"टीव्ही बंद होता. सहाला. तू सांगितलंस ना?"

"अगं तुम्हांला नव्हतं सांगितलं! लोकांना सांगितलं होतं!"

"आम्ही कोण मग?" मर्ना म्हणाली, आणि बशी पुसून ठेवून दिली.

वेंडेल त्या रात्री बराच वेळ छताकडे बघत पडून होता. या दोघींचं ठीक आहे, तो मनाशी म्हणाला. दोघीच तर आहेत.

बुधवारी दुपारी चारला प्रेक्षकांचे आकडे आले. डेक्स्टर उभा होताच, पण आज तो टेबलाला धरून उभा होता.

"मिस्टर क्रॅब्ट्री," तो म्हणाला, "या."

त्या इमारतीत पहिल्या नावाची जागा आडनावाने घेतली की माणसाने आपल्या फोटोफ्रेमा आवरायला घ्याव्यात, असा प्रघात होता. वेंडेल दारातच थांबला.

"किती?"

"अडतीस."

"लाख?" वेंडेल उजळला. "बावीसाचे अडतीस?"

"हजार."

बाहेर कुठलीशी गाडी भोंगा वाजवत गेली.

"मशीन बिघडलं असेल."

"तीनदा तपासलं. बाकीच्यांनी बंद केला, मिस्टर क्रॅब्ट्री. तुम्ही सांगितलंत आणि त्यांनी बंद केला. एकवीस लाख बासष्ट हजार माणसं उठली आणि टेबलाशी जाऊन बसली. टीव्हीच्या इतिहासात कुणाच्या शब्दाला एवढं वजन आलं नसेल."

"आणि ते अडतीस हजार?"

"त्यांतल्या दोनशे जणांना फोन करून विचारलं, तुम्ही का नाही बंद केला? एकशे एक्याण्णव जण म्हणाले, आम्ही एकटेच राहतो. नऊ जणांना रिमोट सापडला नव्हता."

मग डेक्स्टरने दुसरा कागद उचलला. एवढंच झालं असतं तर मालकीणबाईंची समजूत घालता आली असती. पण सकाळपासून वाहिनीकडे तीन हजार तक्रारी आल्या होत्या. वर्षानुवर्षं टीव्हीकडे तोंड करून सुखाने जेवणारी माणसं मंगळवारी एकमेकांकडे तोंड करून बसली होती आणि मग बोलली होती. ओहायोत दोन साडू सात वर्षांपूर्वीच्या एका होडीवरून हातघाईवर आले. टेनेसीत एका सासूने इतके दिवस टीव्हीच्या आवाजामुळे न ऐकलेलं वाक्य नीट ऐकलं. खुद्द मालकीणबाईंनी मोहिमेचा मान राखून आपल्या तिन्ही मुलांना जेवायला बोलावलं होतं. सूप संपायच्या आत तिघांनीही, आईच्या मागे वाहिनी कुणाकडे जाणार, हा विषय काढला.

"त्या फार दुखावल्यात," डेक्स्टर म्हणाला. "म्हणाल्या, तो माणूस मला पुन्हा दिसता कामा नये. करार होणार नाही. आजचा सहाचा कार्यक्रम नवा मुलगा करेल."

"आजच? मला निरोप तरी घेऊ दे! दोन मिनिटं. शेवटचं एक वाक्य..."

"ते वाक्य वाहिनीचं आहे. कलम अकरा. चष्मा मात्र तुमचा. तो न्या."

पुठ्ठ्याचं खोकं आलं, खोक्याबरोबर एक सुरक्षारक्षक आला. वेंडेलने सहा पुस्तकं आणि एक कप खोक्यात ठेवला आणि चष्मा डोळ्यांवर चढवला. स्टुडिओवरून जाताना त्याने पाहिलं, तर सुतार त्याची जेवणाची खोली मोडत होते. पिकलेला गहू गुंडाळून भिंतीशी उभा करून ठेवला होता.

ऑगस्टा लिफ्टपाशी आली.

"वाईट झालं," ती म्हणाली.

"तू म्हणाली होतीस."

"मी रोजच करते ना, म्हणून मला सुचलं." तिने खांदे उडवले. "तुम्ही सात वाजायला एक मिनिट असताना म्हणता, बंद करा, घरच्यांबरोबर जेवा. मी माझं यंत्र बंद करते, घरी जाते, बहिणीबरोबर जेवते. एकोणीस वर्षं. मला वाटायचं सगळेच करत असतील."

तिने त्याच्या हातात एक चिठ्ठी ठेवली. त्यावर नेब्रास्काचा एक नंबर होता. "कालचा एकुलता एक फोन. म्हटलं, तुम्हांला हवा असेल."

सातला वीस मिनिटं कमी असताना वेंडेल घरी पोचला. एकोणीस वर्षांत कामाच्या दिवशी या वेळेला तो पहिल्यांदाच घरी येत होता. झालं ते झालं, गाडीत त्याने मनाची समजूत घातली होती. निदान आता टेबलाशी बसता येईल. कोरा उद्यापर्यंत आहे. तिघं मिळून जेवू.

टेबलावर बेचाळीस बादल्या होत्या.

मर्ना आणि कोरा सोफ्यावर, मांडीवर ताटं घेऊन बसल्या होत्या. समोर टीव्ही चालू होता. जुन्या वस्तू घेऊन लोक येतात आणि एक जाणकार त्या उलटसुलट करून त्यांची किंमत सांगतो, असा कसला तरी कार्यक्रम होता. भलत्याच वाहिनीवर.

"टेबल?" वेंडेल म्हणाला.

"ते मंगळवारचं होतं," मर्ना म्हणाली. "आज बुधवार. लवकर कसा आलास?"

वेंडेलने हातातलं खोकं किंचित वर केलं. मर्नाने खोक्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कोराने रिमोट उचलला, पण मर्नाने तिच्या हातावर हात ठेवला. "राहू दे. जेवण ओव्हनमध्ये आहे," ती त्याला म्हणाली.

"तुम्ही सहाला हे बघता?"

"मी सहाला हेच बघते," मर्ना म्हणाली. "सुरू झाल्यापासून."

वेंडेलने खोकं बादल्यांच्या ढिगावर ठेवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चिठ्ठीवरचा नंबर फिरवला. तिकडे अजून सहाही वाजले नसतील, पण म्हातारी माणसं लवकर जेवतात. कुठेतरी एक ताट त्याच्यासाठी वाढलेलं होतं. त्या माणसाला आज पडद्यावर भलताच चेहरा दिसत असणार. निदान आपण होऊन सांगायला हवं.

"हॅलो, एमेट? मी वेंडेल. वेंडेल क्रॅब्ट्री."

"कोण? वेंडेल?" पलीकडे टीव्हीचा मोठा आवाज येत होता. "अहो, आत्ता नको. कार्यक्रम चालू आहे."

"हो, तेच सांगायला..."

"नवा मुलगा आलाय. फार छान बोलतो. खळी पडते त्याच्या गालाला. जरा वाळलाय, म्हणून त्याला एक बटाटा जास्तच वाढलाय." पलीकडे चमचा वाजला. "तुम्ही जेवलात का?"

"बसतोय," वेंडेल म्हणाला.

"बसा, बसा. गार नका करू." फोन बंद झाला.

वेंडेल ताट घेऊन बाहेर आला आणि सोफ्यापाशी उभा राहिला. टीव्हीवर कुणी एक बाई आजोबांच्या काळातला टीव्ही घेऊन आली होती. लाकडी कपाटात बसवलेला, चार पायांचा. जाणकार त्याची बटणं फिरवून बघत होता. भिंतीवरचं घड्याळ हळूहळू सातकडे निघालं होतं. एक मिनिट उरलं तेव्हा वेंडेलने स्वतःच्याही नकळत चष्मा काढला.

"आता हा खोका बंद..."

"श्श!" मर्ना म्हणाली. "किंमत सांगतोय."

"आतलं सगळं संपलंय," पडद्यावरचा जाणकार म्हणाला. "दुरुस्त व्हायचा नाही. विकायला काढलात तर हातात फारसं काही यायचं नाही. पण लाकूड चांगलं आहे. घरात असू द्या."

मर्ना पडद्यावरची नजर न काढता थोडी उजवीकडे सरकली. कोरा थोडी डावीकडे सरकली. मधे एका माणसापुरती जागा झाली.

"बस," मर्ना म्हणाली. "आणि चष्मा घाल. पुढे घड्याळ आहे एक, ते बघण्यासारखं आहे."